विजेची उमेदवारी

आमच्या कुटुंबांत गेल्या तीन-चार वर्षांत घडलेली एक गोष्ट वाचकांपुढें मांडावी, असें बरेच दिवस आमच्या मनांत होतें. ती मांडतांना आमच्याच पदरची चूक उघडी पडते, म्हणून लेखणी अडखळत होती. परंतु ज्या घरांतून मुलगा बारावी झाला कीं ‘आतां याचें पुढें काय?’ हा प्रश्न उभा राहतो, त्या घरांस आमच्या चुकीचा कांहीं उपयोग झाला, तर ती अगदींच वायां गेली असें होणार नाहीं, या विचारानें आज लिहावयास बसलों आहों.

आमचे ज्येष्ठ बंधु दिवंगत झाल्यापासून घरांतील वडीलपण आमच्याकडे आलें. त्यांचा नातू लहानपणापासून हातानें कांहींतरी करीत बसणारा. धडा पाठ करावयास बसविला तर त्यास पेंग यावयाची. पण बिघडलेला मिक्सर खोलून तो जसाच्या तसा जोडण्यांत त्याची दुपार कोठें जाई तें त्याला कळत नसे. २०२२ सालीं तो विज्ञान शाखेंतून बारावी झाला. गुण बेताचे. अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेनंतर यादींत नांव लागलें, तें अशा महाविद्यालयांत कीं, जेथील शुल्क भरण्यास घरावर कर्ज काढावें लागलें असतें. एके रात्रीं जेवणें आटोपून सारे माजघरांत बसले असतां तो शांतपणें म्हणाला, “नाना, मला कॉलेजांत जावयाचें नाहीं. मला विजेचें काम शिकावयाचें आहे.”

वहिनींनीं हातांतील जपमाळ खालीं ठेवली. मुलाचे वडील, म्हणजे आमचा पुतण्या, बँकेंत आहे. तो कांहींच बोलला नाहीं. आज सांगावयास लाज वाटते, परंतु आमच्या तोंडून पहिला उद्गार निघाला तो, “आपल्या घरांत वायरमन?” हाच. पस्तीसांवर वर्षें आम्हीं मुलांकडून ‘श्रमाची प्रतिष्ठा’ या विषयावर निबंध लिहून घेतले, चांगल्या निबंधांस भरघोस गुण दिले. आणि तोच विषय घरीं चालून आला तेव्हां आम्ही नापास झालों.

सूनबाईंनीं भीत भीत सुचविलें, “तालुक्याला सरकारी आय.टी.आय. आहे. तेथें वीजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. विज्ञान-गणित घेऊन दहावी झालेल्यास प्रवेश मिळतो म्हणतात.” आम्हीं तें मोडून काढलें. प्रवेशाच्या वेळीं ओळखीचे पालक, बहुधा आमचेच जुने विद्यार्थी, भेटणार; ‘मास्तरांच्या घरचा मुलगा येथें?’ असें ते मनांत म्हणणार. या भयानें आम्हीं दुसरी वाट काढली. आमचा एक जुना विद्यार्थी वायरिंगचे ठेके घेत असे. त्याच्याकडे मुलास पाठवावें. वर्षभरांत त्याचा उत्साह आपोआप मावळेल, आणि मावळला नाहीं तरी गाजावाजा न होतां काम शिकेल, असा आमचा हिशेब होता. ठेकेदारानें हात जोडून सांगितलें, “मास्तर, कागद कशाला? घरचाच मुलगा आहे.” कागद नाहीं हें ऐकून आम्हांस काळजी वाटावयाची, ती न वाटतां उलट बरें वाटलें. कागद नाहीं म्हणजे बोभाटा नाहीं!

चार महिने मुलगा तेथें जात होता. दुकान झाडणें, चहा आणणें, शिडी वाहणें, पाइप बसविण्यासाठीं भिंतींना छिन्नीनें खांचा पाडणें, ही त्याची विद्या. ‘ही तार येथेंच कां जोडली?’ असें विचारलें तर ‘बघत राहा, येईल,’ असें उत्तर मिळे. घरीं तो कधीं कुरकुरला नाहीं, आणि आम्हींही कधीं खोदून विचारलें नाहीं.

२०२३ च्या जानेवारींत एका जुन्या घरांत पंखा बदलावयाचा होता. मिस्त्रीनें मेन स्वीच बंद केला व मुलास म्हटलें, “लाइन बंद आहे, चढ.” त्या घरांत इन्व्हर्टर होता व पंखा त्याच्या जोडणीवर होता, हें कोणींच पाहिलें नाहीं. मेन बंद होतांच इन्व्हर्टरनें आपलें काम चोख बजावलें आणि बॅटरीवरची वीज त्या तारांत सोडली. पंख्याचें बटण बंद होतें; परंतु जुन्या वायरिंगांत तें फेजच्या तारेवर नसून न्यूट्रलवर बसविलेलें होतें. त्यामुळें पंखा थांबलेला दिसला तरी वर तारेंत वीज होतीच. मुलानें तारेला हात लावला मात्र, झटका बसून तो शिडीवरून खालीं फरशीवर आला. उजवें मनगट मोडलें. तेवढ्यावर निभावलें, ही ईश्वराची कृपा. नऊ वॅटच्या साध्या दिव्यांतून सुमारें ४० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो, आणि माणसाचा जीव वाचविण्यासाठीं घरांत जें गळतीचें स्वीच बसवितात, तें ३० मिलिअँपिअरलाच तुटावें असें केलेलें असतें, हें आम्हांस मागाहून कळलें. म्हणजे देवघरांतील दिवा लावण्यास जेवढी वीज पुरते, तेवढी घरांतला दिवा विझविण्यासही पुरते.

ठेकेदार फळें घेऊन भेटीस आला. औषधपाण्याची गोष्ट निघतांच म्हणाला, “तसा तो कामावर नव्हताच, मास्तर, शिकत होता.” त्यावर बोट ठेवावयास आमच्याजवळ कागदाचा कपटाहि नव्हता, आणि तो नसावा, ही इच्छा आमचीच होती! मुलगा मात्र म्हणाला, “नाना, चूक माझी. मीं टेस्टर लावून पाहावयास हवें होतें.” त्या शब्दांनीं आम्हांस जितकें खजील केलें तितकें कोणाच्या रागावण्यानें केलें नसतें. ज्यास तपासून पाहा म्हणून कोणीं शिकविलें नाहीं, तो न तपासल्याचा दोष स्वतःकडे घेत होता. आणि ज्यांनीं त्यास तेथें धाडलें ते आम्ही उशाशीं मुकाट्यानें बसलों होतों.

त्या रात्रीं झोंप येईना, म्हणून जुनी याज्ञवल्क्यस्मृति काढली. पाठशाळेंत असतांना व्यवहाराध्यायांतील ज्या भागावरून आमची जीभ सरसर फिरत असे, तो आतां डोळे उघडे ठेवून वाचला. शिल्प शिकण्यासाठीं गुरूच्या घरीं राहणाऱ्या शिष्यास तेथें ‘अंतेवासी’ म्हटलें आहे. मुदत आधीं ठरवावयाची. विद्या लवकर आली तरी ठरल्या मुदतीपर्यंत शिष्यानें राहावयाचें. तोंवर जेवण गुरूचें आणि शिष्याच्या कामाचें फळहि गुरूचें. नारद आणखी सांगतो कीं, गुरूनें त्यास पुत्राप्रमाणें वागवावें व शिल्पाखेरीज दुसरें काम करवूं नये. आणि निबंधग्रंथांतून कात्यायनाच्या नांवानें जें वचन येतें त्याचा आशय तर असा कीं, जो गुरु शिल्प शिकवीत नाहीं व भलतींच कामें करवितो, तो दंडास पात्र होतो आणि शिष्यास त्याला सोडून जाण्याची मोकळीक मिळते. चहा आणावयास लावणाऱ्या ठेकेदाराविषयीं आमच्या ऋषींनीं इतक्या शतकांपूर्वीं निकाल देऊन ठेवला होता! हातानें करावयाची विद्या हलकी, असें त्यांस वाटलें असतें, तर तिच्या शिष्यासाठीं इतके नियम त्यांनीं कशाला बांधले असते? तो हलकेपणा आमच्या मनांतला होता.

पुढें चौकशी करतां कळलें कीं, आपल्या संसदेनें १९६१ सालीं शिकाऊ उमेदवारांसाठीं जो कायदा केला, त्याचा गाभा बहुतांशीं हाच आहे. उमेदवार व मालक यांमध्यें लेखी करार व्हावा लागतो. उमेदवार अज्ञान असल्यास त्याच्या पालकाची सही लागते. करार सरकारांत नोंदला जातो. मुदत ठरलेली, विद्यावेतन ठरलेलें, शिकविण्याचा क्रम ठरलेला. उमेदवाराच्या प्रगतीची नोंद मालकानें ठेवावयाची. शिकतांना काम करीत असतां इजा झाली तर नुकसानभरपाईची जबाबदारी मालकावर. २०१९ सालीं नियमांत झालेल्या दुरुस्तीनें ३० किंवा अधिक माणसें असलेल्या आस्थापनांस उमेदवार घेणें बंधनकारक झालें, आणि आय.टी.आय. उत्तीर्ण उमेदवारास दरमहा किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरलें. (अर्ज करतांना चालू दर अवश्य पाहून घ्यावा.) हें सर्व आमच्या घरापासून दोन-चार कोसांवर मिळत होतें, आणि आम्हीं मुलास धाडलें तें मात्र ‘कागद कशाला’ म्हणणाऱ्याकडे.

मनगट बरें झाल्यावर २०२३ च्या प्रवेशाच्या वेळीं त्याचा हात धरून आम्ही स्वतः आय.टी.आय.मध्यें गेलों. ओळखीचे पालक भेटले. त्यांतील एकानें वांकून नमस्कार केला आणि आपल्या मुलीचाहि अर्ज वीजतंत्रीसाठींच भरला असल्याचें मोठ्या अभिमानानें सांगितलें. ज्या भेटीच्या भयानें आम्हीं मुलाचा हात मोडूं दिला, ती भेट एवढीच होती! तेथील शिल्पनिदेशकांनीं अपघाताची हकीकत नीट ऐकून घेतली व मुलास एकच प्रश्न केला, “पडलास तेव्हां टेस्टर कोठें होता?” “खिशांत,” तो म्हणाला. “मग तो असून नसून सारखा,” असें म्हणून त्यांनीं पहिला पाठ तेथेंच दिला. आधीं टेस्टर चालू लाइनवर लावून तो ठीक आहे हें पाहावयाचें. मग ज्या तारेवर काम करावयाचें तेथें लावावयाचा. मग पुन्हा चालू लाइनवर लावून तो मध्यंतरीं बिघडला नाहीं याची खात्री करावयाची. दुसऱ्यानें ‘बंद आहे’ म्हटलें म्हणून तार बंद होत नाहीं. आम्हीं मनांत म्हटलें, हा गुरु.

२०२५ सालीं दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा झाला व एका वर्षाच्या उमेदवारीचा शोध सुरू झाला. ज्यांच्या घरीं हा प्रसंग येईल, त्यांच्यासाठीं आमचा अनुभव थोडक्यांत सांगतों. केंद्रसरकारच्या ‘अप्रेंटिसशिप इंडिया’ या संकेतस्थळावर नांव नोंदवावें लागतें. तेथें कोणत्या आस्थापनेंत किती जागा आहेत तें दिसतें. महावितरण, महापारेषण, महानिर्मिति, रेल्वे, एस.टी. महामंडळ यांच्या जाहिराती वेळोवेळीं निघतात. त्यांकडे डोळा ठेवावा, परंतु त्यांचीच वाट पाहत घरीं बसूं नये. आमच्या मुलानें तीस-पस्तीस किलोमीटरच्या टापूंतील कारखान्यांची यादी केली आणि निदेशकांचें पत्र घेऊन एकेका दारीं स्वतः गेला. कांहीं ठिकाणीं पहारेकऱ्यापुढें मजल गेली नाहीं. शेवटीं दोन ठिकाणांहून बोलावणें आलें.

येथें आम्हीं पूर्वींची चूक केली नाहीं. प्रत्येक ठिकाणीं तीन प्रश्न विचारावयाचे, असें दोघांनीं मिळून ठरविलें होतें. करार नोंदला जाईल काय? शिकविणारा कोण? आणि वर्षभरांत कोणकोणतें काम हातांतून जाईल? पहिली जागा घराजवळ, पैसाहि थोडा अधिक; परंतु तेथें वर्षभर एकाच प्रकारच्या पेट्यांत एकाच प्रकारच्या तारा जोडावयाच्या होत्या. दुसरी जागा एका साखर कारखान्यांत, जाण्यायेण्यास दीड तास. तेथें गळीत हंगामांत मोटरी, स्टार्टर, पॅनेल रात्रंदिवस चालू; उसाच्या चिपाडावर बाष्पक पेटवून वीज निर्माण करण्याचा संच; आणि हंगाम संपला कीं त्याच मोटरी उघडून, साफ करून, बेअरिंग बदलून, गुंडाळ्यांच्या इन्सुलेशनचा रोध मेगरनें मोजून पुन्हा बसवावयाच्या. म्हणजे एकाच वर्षांत चालणारें यंत्रहि पाहावयास मिळणार आणि उघडलेलेंहि. सूनबाईंस जवळची जागा बरी वाटत होती. निर्णय आम्हीं मुलावर सोडला. त्यानें दीड तासाचा प्रवास पत्करला.

जागा मिळाली म्हणजे विद्या मिळाली, असें मात्र नव्हे. पहिल्या महिन्यांत त्यास सामानाच्या कोठींत नटबोल्ट मोजावयास बसविलें. तो निमूटपणें आठवडाभर बसला. मग करारासोबतचा शिक्षणक्रम घेऊन विभागप्रमुखांकडे गेला आणि नम्रपणें म्हणाला, “साहेब, यांतलें पहिलें काम मला केव्हां मिळेल?” दुसऱ्या दिवशीं त्यास मोटर दुरुस्तीच्या विभागांत घेतलें. कागदाचा उपयोग असा असतो. भांडावयास नव्हे, आठवण द्यावयास.

रोज संध्याकाळीं त्यानें वहींत दिवसाचें काम लिहावें, आकृति काढावी, आणि रात्रीं ती वही आम्हांस वाचून दाखवावी, असा परिपाठ आम्हीं घातला. आम्हांस विजेतलें कांहीं कळत नाहीं, हाच त्यांतला लाभ. न कळणाऱ्यास समजावून सांगतां आलें तरच आपणांस कळलें म्हणावयाचें. एकदां त्यानें स्टार-डेल्टा स्टार्टर समजाविला. मोठी मोटर एकदम पूर्ण दाबावर सुरू केली तर ती नेहमींच्या पांच-सहा पट प्रवाह ओढते. म्हणून आरंभीं तिच्या गुंडाळ्या स्टार पद्धतीनें जोडतात. तेणेंकरून ४१५ व्होल्टच्या लाइनवर प्रत्येक गुंडाळीस सुमारें २४० व्होल्टच मिळतात आणि लाइनमधील प्रवाह एकतृतीयांश होतो. आम्हीं विचारलें, “अरे, २४० म्हणजे ४१५ च्या निम्म्याहून अधिक. मग प्रवाह तिसरा हिस्सा कसा?” तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशीं तेथील अभियंत्यांस विचारून आला आणि जेवणाचें पान वाढलेलें असतां उभ्याउभ्याच सांगूं लागला. दाब तीनाच्या वर्गमूळानें घटतो, म्हणून गुंडाळींतला प्रवाहहि तितकाच घटतो. शिवाय डेल्टा जोडणींत लाइनचा प्रवाह गुंडाळीच्या प्रवाहाच्या तीनाच्या वर्गमूळ पट असतो, तो वाढावा स्टारमध्यें नसतो. दोन्ही घटी मिळून बरोबर तिसरा हिस्सा. ज्या मुलास धडा पाठ करतांना पेंग येत असे, त्याच्या तोंडांतून वर्गमूळें भाताआधीं निघत होतीं!

वहीचें महत्त्व सांगतांना आम्हीं त्यास मायकेल फॅरडेची गोष्ट सांगितली. लंडनमधील या गरीब घरच्या मुलानें चौदाव्या वर्षीं पुस्तकबांधणीची सात वर्षांची उमेदवारी पत्करली. बांधावयास आलेलीं पुस्तकें तो वाची. १८१२ सालीं त्यानें हम्फ्री डेव्हींचीं व्याख्यानें ऐकलीं, त्यांचीं टिपणें स्वच्छ लिहून, स्वहस्तें बांधून डेव्हींकडे पाठविलीं. आणि १८१३ सालीं त्यास त्यांच्या प्रयोगशाळेंत जागा मिळाली. १८३१ सालीं त्यानेंच तो शोध लावला, ज्याच्या बळावर आज कोयनेचीं जनित्रें फिरतात आणि चौकांतलें रोहित्र चालतें. एका धंद्याची उमेदवारी मन लावून केली म्हणून दुसऱ्या विद्येचें दार उघडलें.

आतां एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. उमेदवारी म्हणजे नोकरीचें वचन नव्हे. कायद्याच्या दृष्टीनें तो शिकणारा असतो, कामगार नव्हे. आणि मुदत संपल्यावर मालकानें त्यास ठेवून घेतलेंच पाहिजे असें नाहीं. वर्षाअखेर परीक्षा होईल, प्रमाणपत्र मिळेल. पुढें स्वतंत्रपणें ठेके घ्यावयाचे तर शासनाचा परवाना काढावा लागेल. पुतण्या मधूनमधून विचारतो, “काका, नाहीं ठेवून घेतलें तर?” त्यास आमच्याजवळ खात्रीचें उत्तर नाहीं. परंतु चार महिने चहा आणून जो मोडलेलें मनगट घेऊन परत आला, त्याच्या हातांत आज मोटर उघडण्याची व ती पुन्हा चालू करण्याची विद्या आहे, ती मात्र कोणी काढून घेऊं शकणार नाहीं.

म्हणून आमच्यासारख्या वडीलधाऱ्यांस इतकेंच विनवितों. मुलानें हातानें करावयाची विद्या मागितली तर तिला चोरवाटेनें घरांत आणूं नका. उजळ माथ्यानें दारांत जा, करार वाचा, गुरु पाहा, आणि संध्याकाळीं मुलगा परत आला म्हणजे ‘किती मिळाले?’ असें न विचारतां ‘आज काय शिकलास?’ असें विचारा.

परवां देवघरांतील दिव्याचें बटण बिघडलें. आम्ही सवयीनें स्टुलावर चढूं लागलों, तों मुलानें दंड धरून खालीं उतरविलें. मेन बंद केला, इन्व्हर्टर बंद केला, टेस्टर तीनदां लावून पाहिला, आणि मगच हात घातला. वहिनी दारांत उभ्या राहून सारें पाहत होत्या. एके काळीं विजेच्या कामाचें नांव निघतांच ज्यांनीं जपमाळ खालीं ठेवली होती, त्याच आतां रोज पहाटे तो निघतांना माळ हातांत घेऊनच दारापर्यंत येतात आणि विचारतात, “डबा घेतलास ना? आणि टेस्टर?”